ही कोल्ह्याची आंबट द्राक्षं तर नाहीत ना?

पत्र:

ताई, नमस्कार. वय ४३. एकाच कंपनीत १६ वर्षं झाली, त्यातली शेवटची ६ एकाच पोस्टवर. या वर्षी डिपार्टमेंट हेडच्या जागेसाठी शेवटच्या दोघांत मी होतो. जागा दुसऱ्याला मिळाली, आणि तो दुसरा म्हणजे कधीकाळी माझ्या हाताखाली ट्रेनी म्हणून आलेला मुलगा. आता त्याला सर म्हणायचं. घरी बायको (तीही नोकरी करते), ८ वर्षांची मुलगी आणि माझे वडील. वडिलांचे हात थरथरतात म्हणून गेलं वर्षभर दर रविवारी त्यांची दाढी मी करतो. रिझल्ट लागला त्या आठवड्यातल्या रविवारी दाढी करता करता ते खुर्चीतच झोपले, अर्ध्या गालाला फेस तसाच, मुलगी पाण्याचा मग धरून उभी, तिने ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं आणि आम्ही दोघं तसेच थांबलो. त्या क्षणी खरंच वाटलं की मला सगळं मिळालंय. पण रात्री वाटलं, हे म्हणजे कोल्ह्याला द्राक्षं आंबट, हरलेला माणूस स्वतःची समजूत काढतोय. बायको म्हणते, 'घराला वेळ देतोस, हे काय कमी यश आहे?' ते ऐकून बरं वाटायच्या ऐवजी चीड येते. त्यात आता कंपनीने दुसऱ्या शहरातल्या ब्रांचला हेडची पोस्ट देऊ केलीय, २ वर्षं एकट्याने राहायचं. महिनाअखेर उत्तर द्यायचंय. काय करू?
– शेवटच्या दोघांतला

उत्तर:

नमस्कार दादा,

बायकोचं वाक्य चुकीचं नाहीये, फक्त ते फार लवकर आलं. 'मला ती जागा हवी होती आणि ती मिळाली नाही' एवढं साधं वाक्यसुद्धा तुम्ही अजून कुणाशी धड बोलला नसाल, आणि समोरून लगेच 'पण तुझ्याकडे हे आहे की' असं आलं, मग चीड येणारच. कारण ते ऐकताना मनाला असं लागतं की आपल्याला वाईट वाटायचा हक्कच नाही. आहे की! १६ वर्षं एका ठिकाणी काढली, सगळ्या कामाची खडानखडा माहिती, आणि ज्याला कुठली फाईल कुठे असते इथपासून शिकवलं तो आता तुमची रजा मंजूर करणार. हे टोचतं आणि काही दिवस टोचू दे. त्याच्यावर घरातलं सुख आणून झाकण घालायला गेलात तर दोन्हीची वाट लागेल, म्हणजे ऑफिसचं दुःख आत तसंच राहील आणि घरातलं चांगलं काही घडलं की दर वेळी तुम्हाला संशय येईल की हे खरं आहे का मी मनाला फसवतोय. तुम्हाला त्या रात्री जो संशय आला तो तिथूनच आलाय असं मला वाटतं.

आणि शेवटच्या दोघांत असणं हे तर सगळ्यात वाईट, यावर चक्क अभ्यास झालेला आहे. १९९२च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमधल्या खेळाडूंचे चेहरे व्हिडिओत बघून मेडवेक, मेडी आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये एक पेपर लिहिला, त्यात ब्रॉन्झ मिळवलेले लोक सिल्व्हर मिळवलेल्यांपेक्षा जास्त खूश दिसले. आता खरं तर सिल्व्हर वरचं ना? पण सिल्व्हरवाल्याच्या डोक्यात चालू असतं की गोल्ड थोडक्यात गेलं, आणि ब्रॉन्झवाल्याच्या डोक्यात असतं की बापरे थोडक्यात वाचलो, नाहीतर हात हलवत घरी जावं लागलं असतं. तुम्ही त्या यादीत सातवे आठवे असतात तर एवढी रात्रीची झोप उडाली नसती. त्यामुळे दुःख किती मोठं आहे ते बघून 'म्हणजे माझं सगळंच फुकट गेलं' असा हिशोब मांडू नका. ती जागा हाताच्या अंतरावर होती म्हणून दुःख मोठं झालंय, तुमचं आयुष्य लहान आहे म्हणून नाही.

आता द्राक्षांकडे येते. त्या कोल्ह्याचं नेमकं काय चुकलं होतं? उडी पोचली नाही हे नाही, ते कुणाचंही होतं. जे मिळालं नाही त्याला त्याने नावं ठेवली, ती त्याची लबाडी. तुम्ही तसं केलंय का बघा. तुमच्या पत्रात 'ती पोस्ट काही कामाची नव्हतीच' किंवा 'वर गेलं की नुसतं टेन्शन' असं एक अक्षर नाही. तुम्ही म्हणताय की ते गोड होतं, मला हवं होतं, मिळालं नाही, आणि हे दुसरं मला मनापासून आवडलं. कोल्हा असं कुठे बोलला! आणि अजून एक गोष्ट तुम्ही स्वतःच लिहून ठेवलीय आणि तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही, ती म्हणजे दाढी तुम्ही वर्षभर करताय. रिझल्ट आत्ता लागला. समजूत काढायला शोधलेली गोष्ट हरल्यानंतर सुरू होते, आधी वर्षभर चालू नसते. तेव्हा तर तुम्ही त्या पोस्टच्या शर्यतीत होतात, अगदी पुढे होतात, आणि तरी रविवारी ब्रश घेऊन बसत होतात.

तरी तुमच्या शंकेत थोडं तथ्य आहे असं मी धरून चालते. त्या आठवड्यात मार बसलेला होता म्हणून तो रविवार एवढा मोठा वाटला असेल, शक्य आहे. मग काय झालं? उलट बाजूने विचार करा, प्रमोशन मिळालं असतं तर तुम्ही त्याच खुर्चीपाशी उभं राहून मोबाईलवर अभिनंदनाचे मेसेज बघत असतात आणि वडील झोपले हे तुमच्या आधी मुलीला कळलं असतं. १९७८ मध्ये ब्रिकमन हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉटरी लागलेल्या २२ जणांना गाठून विचारलं होतं, तर ते लॉटरी न लागलेल्यांपेक्षा फार काही सुखी निघाले नाहीत, आणि मित्राशी गप्पा, टीव्ही, एखादा जोक असल्या रोजच्या बारक्या गोष्टींतली त्यांची मजा तर कमी झालेली दिसली. आता २२ म्हणजे काहीच नाही हो, आणि नंतर स्वीडनमध्ये लॉटरीवाल्यांचे खूप मोठे अभ्यास झाले त्यात पैसे मिळालेल्या लोकांचं समाधान बरीच वर्षं टिकलेलं दिसलं, म्हणून 'पैशाने काय होतंय' असलं मी तुम्हाला सांगणार नाही. पैशाने होतं. घराचे हप्ते, वडिलांची औषधं, मुलीची फी हे क्षणांनी भरता येत नाही. पण मोठं काहीतरी मिळालं की लहान गोष्टी दिसेनाशा होतात हे मात्र आजूबाजूला बघितलं तरी पटतं, त्याला अभ्यासाची गरज नाही.

तुम्हाला आता बरेच जण हार्वर्डचा तो अभ्यास पाठवतील, कदाचित पाठवलाही असेल. १९३८ मध्ये सुरू झाला, हार्वर्ड कॉलेजची २६८ मुलं आणि बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतली ४५६, अशा ७२४ जणांच्या मागे संशोधक अक्षरशः आयुष्यभर फिरले. सध्या तो बघणारे रॉबर्ट वॉल्डिंगर सांगतात की पन्नाशीत नात्यांमध्ये जे जास्त समाधानी होते ते ८० व्या वर्षी जास्त धडधाकट निघाले, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या आकड्यापेक्षा नात्यांवरून तब्येतीचा जास्त चांगला अंदाज आला. हे सगळं खरं आहे, पण फॉरवर्ड करताना लोक दोन गोष्टी गाळतात. एक, सुरुवातीला त्यात सगळे पुरुषच होते आणि नाती म्हणजे फक्त बायकोमुलं नाही, मित्र, शेजारी, ऑफिसातले लोक पण त्यात आले. आणि दुसरी, त्यात कुठेही असं निघालेलं नाही की करिअर सोडून घरी बसलेला माणूस सुखी होतो. उलट ज्यांनी तो अभ्यास कितीतरी वर्षं चालवला त्या जॉर्ज व्हेलंटना असंही दिसलं की ज्यांची नाती उबदार होती ते कमाईतही पुढे होते. तेव्हा 'ऑफिसात हरलो तर घरी जिंकलो' असं तराजूत घालायचं काही कारणच नाही, ही दोन वेगळी खाती आहेत आणि एकातलं दुसऱ्यात ट्रान्सफर होत नाही.

मला विचाराल तर तुमची खरी अडचण वेगळी आहे. आपल्याला यश ओळखायची जी सवय लागलीय ना, त्यात कुणीतरी मागे राहावं लागतं. पहिला नंबर आला म्हणजे दुसऱ्याचा आला नाही, प्रमोशन मिळालं म्हणजे इतरांना नाही मिळालं. त्या रविवारी तुमच्या मागे कोण होतं? वडिलांची दाढी करायला दुसरा उमेदवार रांगेत उभा नव्हता! म्हणून मनाला ते यश म्हणून ओळखताच येत नाही, सर्टिफिकेट नाही, मेल नाही, कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, एकच साक्षीदार आणि ती पण मग धरून उभी. पण जरा नीट बघा काय झालंय तिथे. ज्या माणसाचा स्वतःच्या हातावर विश्वास राहिलेला नाही तो माणूस गालावर ब्लेड फिरत असताना झोपून गेला. एवढा भरवसा कुठल्या इंटरव्ह्यू पॅनलने टाकला असता तुमच्यावर? आणि तो त्या एका रविवारी आला का? तो वर्षभरातल्या सगळ्या कंटाळवाण्या रविवारांतून आलाय, ज्या रविवारी काहीही घडलं नाही, साबण डोळ्यात गेला म्हणून ते करवादले असतील, तुम्हाला उशीर होत होता म्हणून तुम्ही भराभर उरकलं असेल. मी तरी 'क्षण' या प्रकाराला फार महत्त्व देत नाही. तो आपोआप येतो आणि बऱ्याचदा येतच नाही. दर रविवारी जाऊन बसणं हे तुमचं, ते तुमच्या हातात होतं आणि ते तुम्ही केलं. यश म्हणायचंच असेल तर त्याला म्हणा.

म्हणूनच एक भीती सांगून ठेवते, कारण अशी पत्रं मला नेहमी येतात आणि त्यातले बरेच जण पुढच्या पायरीला घसरलेले असतात. ऑफिसात दार बंद झालं की माणूस ती सगळी टार्गेटवाली ताकद उचलून घरी आणतो. आता मी बेस्ट बाबा होणार! मग मुलीचं टाइमटेबल, मुलीचे क्लासेस, रविवारी ठरवून 'आज आपण आठवणी बनवू', प्रत्येक गोष्टीचा फोटो, फोटोचं स्टेटस, स्टेटसला किती जणांनी बघितलं. बिचारी ८ वर्षांची पोर, तिला कळतही नाही की ती आता बाबांचं अप्रेझल झालीय, तिला गणितात कमी पडले की बाबांचा चेहरा पडतो आणि ती हसली की बाबांचं वर्ष चांगलं गेलं. मुलं हे फार पटकन ओळखतात आणि मग एकतर आपल्यासाठी हसायला लागतात किंवा लांब पळायला लागतात. तुमची मुलगी त्या दिवशी मग धरून उभी होती कारण तिला कुणी उभं केलं नव्हतं. ते तसंच राहू द्या. तिचं यश तिचं, त्यावर तुमचं नाव घालू नका.

आणि घरी शंभर टक्के काही नसतंच. एड ट्रॉनिक नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत, १९७० च्या दशकातला त्यांचा तो प्रयोग तुम्ही पाहिला असेल, आई बाळाशी छान खेळत असते आणि मग थोडा वेळ चेहरा एकदम निर्विकार ठेवते, तर बाळ आधी तिला हसवायचा प्रयत्न करतं, हातवारे करतं आणि शेवटी रडकुंडीला येतं. मोबाईलमध्ये डोकं घातलेल्या आईबापांना ओरडायला तो व्हिडिओ फार वापरतात, वापरावाच, पण त्याच माणसाच्या कामातली दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. अगदी चांगल्या, प्रेमळ आईमुलांमध्येही सूर जुळलेला वेळ साधारण ३० टक्केच असतो. बाकीचा वेळ चुकामूक आणि मग परत जुळवून घेणं, आणि त्या परत जुळवून घेण्यातूनच बाळाला धीर येतो. ३० टक्के! ऑफिसात ३० टक्के टार्गेट गाठलं तर काय होतं ते तुम्हाला माहितीये. घरी तेवढ्यावर माणसं चांगली वाढतात. म्हणून एखादा रविवार चिडचिडीत गेला तर तो नापास रविवार नाही, संध्याकाळी जाऊन मघाशी चिडलो होतो रे बाबा असं म्हटलं की झालं.

आता जरा तिखट बोलते, राग मानू नका. पत्रात तुमची बायको एका वाक्यापुरती आलीय, ती पण तुमची समजूत काढायला. ती नोकरी करते असं तुम्ही कंसात लिहिलंय. कंसात! तर मला विचारायचंय की रविवार सोडून बाकीचे ६ दिवस वडिलांचं कोण बघतं? गोळ्या संपत आल्या हे कुणाच्या लक्षात येतं, डॉक्टरची अपॉइंटमेंट कोण घेतं, शाळेच्या ग्रुपवर उद्या रंगीत कागद आणायचाय हे रात्री ११ वाजता कोण वाचतं? कदाचित निम्मं तुम्हीच करत असाल, तसं असेल तर माझे शब्द मागे घेते. पण नसेल तर हे लक्षात घ्या की तुम्ही निवांत दाढी करत उभे राहू शकलात कारण त्या वेळी बाकीचं घर दुसरं कुणीतरी चालवत होतं. आणि अजून एक, तुम्ही घराला वेळ दिलात तर त्याला यश म्हणणारं माणूस तुमच्या घरात आहे. ती ऑफिसातून वेळेवर निघून घरी येते तेव्हा त्याला कुणी यश म्हटलंय का आजपर्यंत? बायकांनी केलं की ती जबाबदारी असते आणि पुरुषांनी केलं की कौतुक, हे तुमच्या एकट्याच्या घरातलं नाही, जगभर असंच आहे, पण तुमच्या घरापुरतं तरी तुम्हाला बदलता येईल. तिने मधल्या काळात कुठली संधी सोडली का, एखाद्या जागेसाठी नावच दिलं नाही का, हे तिला विचारा. विचारा आणि गप्प बसून ऐका, मध्येच 'मग तू बोललीस का नाहीस' असं सुरू करू नका. माझा अंदाज आहे की ही चर्चा झाल्यावर तुम्हाला तिच्या त्या वाक्याचा राग येणार नाही.

मुलीलाही सांगा. नाटक न करता दोन वाक्यांत, की बाबांना एक मोठी जागा हवी होती, ती मिळाली नाही, बाबांना वाईट वाटलंय आणि काही दिवसांत ठीक होईल. लोकांना वाटतं मुलांसमोर आपली हार लपवावी. अमेरिकेत एमरी विद्यापीठातल्या रॉबिन फिवुश आणि मार्शल ड्यूक यांनी मुलांना २० प्रश्न विचारले होते, आईबाबा कुठे भेटले, आजीआजोबा कुठे वाढले, घरात कधी काय वाईट घडलं अशा प्रकारचे, आणि ज्या मुलांना घरच्या गोष्टी जास्त माहिती होत्या त्यांचा स्वतःवरचा विश्वास जास्त दिसला. म्हणजे २० उत्तरं पाठ करून घ्यायची असा अर्थ नाही, उत्तरं माहिती असतात कारण त्या घरात माणसं एकमेकांशी बोलतात. आणि चांगल्यात चांगल्या घरगोष्टी चढउताराच्या असतात, नुसत्या चढाच्या नाहीत. ती २५ वर्षांची होईल तेव्हा तिला पण कुठेतरी कुणीतरी नाही म्हणणारच आहे. त्या वेळी बाबांचं हे तिला माहिती असलेलं बरं.

सोशल मीडियावर मित्रांच्या बढत्यांच्या पोस्ट दिसून त्रास होत असेल तर काय करायचं ते तुम्हाला माहितीये, ३ महिने म्यूट करा. फेस्टिंगर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच लिहून ठेवलंय की माणूस स्वतःची तुलना आपल्यासारख्याच माणसाशी करतो, देशातल्या सगळ्यात श्रीमंत माणसाने काही घेतलं तर आपल्याला काही होत नाही, पण बरोबर बसलेल्याने केबिन मिळवली की होतं. हे थांबवता येत नाही, रोज समोर दिसणं कमी करता येतं. आणि नव्या साहेबांना एकदा नीट हात मिळवून अभिनंदन करा, जितके दिवस टाळाल तितकं ते अवघड होत जाईल.

आता ऑफरचं. सगळ्यात आधी, जाणं म्हणजे घराशी दगा आणि न जाणं म्हणजे त्याग, असं दोन्ही काही नाही. पोटासाठी लांब राहणारी कितीतरी माणसं आहेत आणि त्यांची नाती मोडलेली नाहीत, आणि रोज घरी असणारे कितीतरी जण सोफ्यावर बसून मनाने ऑफिसातच असतात. किलिंग्सवर्थ आणि गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये २२५० जणांना दिवसातून मध्येच फोनवर विचारून बघितलं की आत्ता मन कुठे आहे, तर जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं, आणि भरकटलेलं असताना माणसं कमी खूश होती. तेव्हा घरी थांबून तुम्ही २ वर्षं 'मी गेलो असतो तर' एवढंच घोळवणार असाल तर त्या थांबण्याचा मुलीला काय उपयोग?

स्वतःला एवढंच विचारा, इथलं प्रमोशन हा विषय झालाच नसता, तुम्ही हरला वगैरे नसतात, आणि ही ऑफर अशीच साध्या दिवशी आली असती, तर मन काय म्हणालं असतं? एक अख्खी ब्रांच आपण चालवायची, माणसं निवडायची, आपल्या पद्धतीने काम उभं करायचं, या विचाराने आत काहीतरी हललं तर जा, खरंच जा, बायकोशी बोलून. आणि जर फक्त त्या ट्रेनी मुलाच्या बरोबरीचं पद व्हिजिटिंग कार्डावर दिसावं एवढंच त्यात असेल तर ते कार्ड २ महिन्यांत जुनं होतं आणि संध्याकाळी रिकाम्या खोलीत तुम्ही एकटे.

कंपनीला पण प्रश्न विचारा, तुम्ही फार सरळ दिसता म्हणून सांगते. २ वर्षांनी परत कुठे घेणार, कुठल्या पोस्टवर? पगार, राहण्याचा खर्च, महिन्यातून किती वेळा घरी येता येणार, काही दिवस घरून काम चालेल का? हे सगळं मेलवर घ्या, तोंडी 'बघू, करू' याला काही अर्थ नाही. त्यांना तुम्हाला खरंच वर न्यायचंय का फक्त नाराज माणूस नजरेआड करायचाय, हे त्यांच्या उत्तरावरूनच कळेल.

वडिलांचं आधी बघा. हात थरथरणं हे नुसतं वयाचं असतं असं नाही, त्याची कारणं वेगवेगळी असतात, एखाद्या औषधाचाही परिणाम असू शकतो, आणि काही प्रकार औषधांनी बरेच कमी होतात. न्यूरॉलॉजिस्टला दाखवलं नसेल तर जायचं का थांबायचं हे ठरवायच्या आधी दाखवा, कारण त्यांची पुढची २ वर्षं कशी असणार याचा थोडा तरी अंदाज आल्याशिवाय तुम्ही निर्णय कशाच्या जोरावर घेणार? आणि त्यांनाही विचारा बरं, ते घरात आहेत, ऐकू येतंय त्यांना, त्यांच्याबद्दल त्यांच्याशिवाय चर्चा नको.

नाही म्हणायचं ठरलं तर एक पथ्य पाळा, आयुष्यात कधीही कुठल्याही भांडणात 'तुमच्यासाठी मी ती पोस्ट सोडली' हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. ते पाळता येणार नाही असं आत्ताच वाटत असेल तर सरळ हो म्हणा आणि जा, घरच्यांच्या डोक्यावर जन्मभराचं कर्ज ठेवण्यापेक्षा २ वर्षं लांब राहणं परवडलं. नाही म्हणताना ऑफिसात कारणही स्पष्ट सांगा, घरची जबाबदारी आहे, पुढच्या वेळी इथली जागा निघाली तर माझं नाव धरा. घरच्या वेळेत आनंद मिळतो म्हणजे ऑफिसातली इच्छा मारून टाकायची असं मी कुठेही म्हटलेलं नाही, ४३ म्हणजे अजून नोकरीची बरीच वर्षं बाकी आहेत.

आणि महिनाअखेरीची ती तारीख एवढी दगडावरची रेघ नसते. डॉक्टर, बायको, वडील, कंपनीचा मेल, एवढं सगळं त्यात बसत नसेल तर १५ दिवस वाढवून मागा. खरंच तुम्हीच हवे असाल तर देतील, आणि नाहीच म्हणाले तर ऑफरमध्ये किती दम होता तेही कळेल. काय ठरलं ते कळवा.

– ताई